तीन नंबरवर उघडं राहिलेलं खातं : एका अभ्यासिकेतलं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय. खाली पुस्तकं आणि वर्तमानपत्रं, वर अभ्यासिका, आणि अभ्यासिकेच्या खिडकीकडच्या भिंतीला लागून सहा कॉम्प्युटर. मी इथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि वाचनालयाच्या समितीवर आहे. प्रिंटर अडला, नेट गेलं, कुणाचा फोटो अपलोड होईना, की निरोप माझ्याकडे येतो. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही आणि काही बारकावे बदलले आहेत.

कॉम्प्युटरवर कोण बसलं याची वही आम्ही ठेवतो. नाव, मशीनचा नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. ही पद्धत सायबर कॅफेवाल्यांची. केंद्र सरकारच्या २०११ च्या सायबर कॅफे नियमांत ग्राहकाची ओळख तपासून नोंद करायची आणि ती किमान एक वर्ष जपायची, असं आहे. दोन खणांमधला आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नको, आडोसा नसेल तिथे पडद्याचं तोंड बाहेरच्या मोकळ्या बाजूला हवं, इतकं बारीकसारीक त्यात लिहिलेलं आहे. आमचं वाचनालय धंदा म्हणून नेट देत नाही, तेव्हा ते नियम आम्हाला लागतात का, यावर समितीत एकदा तासभर वाद झाला होता. शेवटी "वही ठेवली तर बिघडतंय काय" म्हणून वही आली.

म्हणजे खुर्चीवर कोण बसलं, याची नोंद होती. उठून गेल्यावर मशीनच्या पोटात काय राहिलं, ते कुणी बघत नव्हतं. सहाही मशीनवर विंडोजचं एकच खातं, त्याला पासवर्ड नाही. क्रोम ब्राउझरचं प्रोफाइल, म्हणजे त्यात जतन होणारी सगळी माहिती आणि सेटिंग, तीही सगळ्यांना मिळून एकच, मशीन आली त्या दिवसापासूनची. चालू आहे ना, मग हात लावू नका, हे आमचं धोरण, आणि त्या धोरणात मीही सामील होते.

२०२३ च्या जूनअखेर तलाठी भरतीचे अर्ज सुरू झाले. राज्यभरात ४००० हून अधिक पदं, खुल्या प्रवर्गाला १००० रुपये शुल्क, राखीवला ९००. वर पाय ठेवायला जागा नव्हती. फोनवर अर्ज भरता येतो म्हणतात, पण फोटो आणि सही ठरलेल्या केबीत बसवायची, प्रमाणपत्रं जोडायची, भरलेलं तीनतीनदा तपासायचं, तर मोठा पडदा लागतोच. एक उठला की दुसरा बसायला टपलेला. या घाईला इथे महत्त्व आहे.

काय घडलं

२८ जूनला, आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी, एक विद्यार्थिनी तीन नंबरवर बसली. प्रमाणपत्रांच्या फायली तिने स्वतःलाच मेल करून ठेवल्या होत्या, म्हणून जीमेल उघडलं. लॉगिन झाल्यावर ब्राउझरने वरती एक चौकट दाखवली. तिने निळं बटण दाबलं. कसली चौकट होती ते तिला पुढे आठवेना. "मागे मुलं उभी होती मॅडम, जे आलं ते ओके केलं." अर्ज भरला, पावतीची प्रिंट घेतली, खिडकीची फुली दाबली, वहीत गेल्याची वेळ टाकली आणि निघाली.

त्यानंतरच्या आठवड्यात तिच्या फोनवर यूट्यूब उघडलं की पोलीस भरतीच्या धावण्याचे, गोळाफेकीचे व्हिडिओ पुढे येऊ लागले. तिला वाटलं, फोनला कळलं असेल आपण भरतीची तयारी करतोय. ही पहिली खूण होती. ती निसटली, आणि यात मी तिला दोष देत नाही. आपलं यूट्यूब आपल्याला असलं काही का दाखवतं, याचा विचार कोण करत बसतं?

फोन मुळात तिच्या भावाचा जुना. घरात नवा आला तेव्हा हा तिच्याकडे आला, पण पॅटर्न भावाला ठाऊक. १२ जुलैला त्याने गॅसचं बुकिंग करायला तो हातात घेतला. ब्राउझरच्या पट्टीत 'को' टाईप केलं तर खाली आलं : कोर्ट मॅरेजला किती दिवस लागतात. त्याने हिस्टरी उघडली. कोर्ट मॅरेजची नोटीस घरी येते का. कोर्ट मॅरेज साक्षीदार किती. मुलीचं वय पुरावा. सगळं ३ जुलैचं, सकाळी सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यानचं.

पुढे काय झालं असेल हे सांगायला नको. फोन काढून घेतला, अभ्यासिका बंद. भावाने आपल्या एका मित्राला बोलावलं. त्याने तिच्या गुगल खात्यातली डिव्हाइसची यादी काढली, तर त्यात 'विंडोज' असं एक डिव्हाइस आणि त्यापुढे पुणे. आमच्या गावात नाही, पुण्यात! मग घरच्यांच्या मनात चित्र पुरं झालं : पुण्याला कुणीतरी मुलगा आहे, तो हिचं खातं वापरतो, आणि दोघं मिळून कोर्ट मॅरेजचं बघतायत.

१४ जुलैला ती आईला घेऊन माझ्या घरी आली. आई दारातच थांबली, ती आत येऊन म्हणाली, "मॅडम, मी हे काहीच शोधलं नाही. पण माझ्याच फोनमध्ये आहे, तर मी सांगू काय?"

भानगड नेमकी कुठे होती

फोन भावाकडे होता, त्यामुळे पहिला तास मी फक्त ऐकलं. तिने सांगितलेल्यात दोन गोष्टी मला खटकल्या. एक, ते धावण्याचे व्हिडिओ. दुसरी, परक्या नोंदी ७ जुलैनंतर अचानक थांबल्या होत्या. फोनमध्ये कुणी शिरलं असेल, तर तो सात तारखेला बाहेर कशाला पडेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी मी सहाही मशीन चालू करून बघितली. तीन नंबरच्या क्रोममध्ये वर उजव्या कोपऱ्यात तिच्या नावाचं आद्याक्षर होतं आणि त्याला चिकटून 'थांबलेलं' अशा अर्थाची खूण. तिथे उलगडा झाला.

आपण ज्याला 'लॉगआउट' म्हणतो, ते सार्वजनिक मशीनवर एक काम नसतं. लॉगिन केल्यावर साइट ब्राउझरच्या हातात एक बिल्ला देते, देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळतो तसा. या बिल्ल्याला कुकी म्हणतात. पुढे प्रत्येक पानावर पासवर्ड विचारला जात नाही, बिल्ला बघितला जातो. लॉगआउटचं बटण दाबलं की साइट तो बिल्ला बाद करते. फुली दाबल्याने काहीच बाद होत नाही. आपण उठून जातो आणि बिल्ला टेबलावर तसाच पडून राहतो. आमच्या मशीनवर तर 'मागे जिथे थांबलात तिथून सुरू करा' ही सेटिंग चालू होती, त्यामुळे ब्राउझर बंद करून उघडला तरी जुनी पानं लॉगिनसकट परत यायची. ती सेटिंग अर्धवट अर्ज वाया जाऊ नयेत म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच लावली होती.

हे झालं साइटचं. त्या निळ्या बटणाने याच्या वरचा एक मजला उघडला होता. क्रोममध्ये जीमेल उघडणं वेगळं आणि खुद्द क्रोममध्ये शिरणं वेगळं. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या क्रोमच्या ६९ व्या आवृत्तीपासून जीमेलला लॉगिन केलं की ब्राउझरही त्याच खात्याने आपोआप साइन-इन व्हायला लागला. त्यावर जगभरातून ओरड झाली आणि पुढच्या आवृत्तीत ते बंद करायची सोय आली. सिंक, म्हणजे एकाच खात्याची हिस्टरी आणि पासवर्ड सगळ्या डिव्हाइसवर सारखे ठेवणं, मात्र तेव्हाही विचारून चालू होत असे, आणि तिने दाबलेलं निळं बटण सिंकचं होतं. सिंक चालू झालं की फोनचा ब्राउझर आणि तीन नंबरचा ब्राउझर ही एकाच घराची दोन दारं झाली. तिचे फोनमधले १९ पासवर्ड तीन नंबरवर उतरले. आणि तीन नंबरवर जो जो बसला, त्याने जे जे शोधलं, ते तिच्या फोनमध्ये चढलं.

नऊ दिवस हे चालू राहिलं. बहुतेकांना जीमेल लागतच नव्हतं, ते थेट भरतीच्या साइटवर जायचे. ज्यांना लागलं त्यांनी तिचं खातं उघडं बघून 'दुसरं खातं जोडा' केलं आणि आपलं काम उरकलं. ७ जुलैला कुणीतरी भल्या मनाने 'सर्व खात्यांतून साइन आउट' दाबलं. त्यामुळे तिचं मेल बंद झालं आणि सिंक थांबलं. पण तोवर जे उतरलं होतं ते मशीनवर तसंच होतं. मी पासवर्डची यादी उघडली. विंडोजच्या खात्याला पासवर्ड नसल्याने डोळ्याच्या चिन्हावर एक टिचकी पुरेशी होती.

त्या यादीत तिच्या १९ शिवाय आणखी ११ पासवर्ड होते. सात वेगवेगळ्या मुलामुलींचे. 'पासवर्ड जतन करायचा का' या चौकटीला त्यांनीही घाईत हो म्हटलं होतं, आणि सिंकमुळे ते तिच्या फोनमध्ये जाऊन बसले होते. जिचं खातं उघडं राहिलं, तिच्याकडेच नकळत सात जणांच्या किल्ल्या आल्या होत्या.

आणि पुणे? नेटच्या पत्त्यावरून काढलेली जागा ही पुष्कळदा आपली नसतेच, नेट पुरवणाऱ्या कंपनीचं मोठं केंद्र जिथे असतं तिथली असते. मी माझ्या स्वतःच्या खात्याची यादी उघडली. वाचनालयातून केलेलं माझं लॉगिनसुद्धा पुण्याचंच दाखवत होतं.

समोर असलेले पर्याय

भावाला पोलिसात जायचं होतं. त्याने १९३० वर फोन करायचीही तयारी केली होती. मी सांगितलं, हा क्रमांक ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर तातडीने कळवायचा, आणि इथे एक रुपयाही गेलेला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यासाठी आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण इथे कुणी काही चोरलं नव्हतं. मुलं येऊन बसली आणि समोर उघडं होतं त्यावर आपापलं काम करून गेली. तक्रार केली असती तर चौकशी त्या सात जणांची झाली असती, आणि मुलीचं नाव ठाण्यात लिहिलं गेलं असतं ते वेगळंच.

दुसरा पर्याय गुपचूप आवरण्याचा. मशीन साफ करायची, तिला पासवर्ड बदलायला लावायचा, झालं. समितीतल्या दोघांना हेच हवं होतं, कारण गावात बोभाटा झाला तर मुलींचं येणं बंद होईल. त्यांची भीती खोटी नव्हती. पण गुपचूप आवरलं असतं तर घरातला संशय तसाच राहिला असता आणि ती कायमची घरी बसली असती.

तिसरा पर्याय वहीचा होता, आणि खरी ओढाताण तिथे झाली. ३ जुलै, सकाळी अकरा ते बारा, मशीन तीन. त्या ओळीत एक नाव होतं. मी ते वाचलं आणि वही मिटली. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, दाखवून टाका. नाव बघितलं की पोराचं समाधान होईल, मुलगी सुटेल." सरळ हिशोब होता. पण ज्याने किंवा जिने ते शोधलं, त्याच्या घरात काय होईल? १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. आमच्यासारख्या गावात ही नोटीस कोण कोण वाचतं हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर मुलं आधी नेटवर विचारतात, आणि तेही घरच्या फोनवर नाही, वाचनालयात येऊन. एका मुलीला सोडवायला दुसऱ्या कुणाला तिच्याच जागी उभं करायचं, हे मला जमणार नव्हतं.

केलेली कार्यवाही

आधी मी मुलीला विचारलं, मी तुझ्या घरी बोललं तर चालेल का, आणि कोणाकोणासमोर. ती म्हणाली, आधी फक्त दादाशी. म्हणून भावाला वाचनालयात बोलावलं. घरी गेले नाही. घरी चार माणसं बोलायला लागतात.

त्याला चार नंबरवर बसवलं. माझ्या एका जादा खात्याने मी तिथे सिंक चालू केलं, माझा फोन त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, कॉम्प्युटरवर तुला हवं ते शोध. त्याने ट्रॅक्टरच्या टायरची किंमत शोधली. थोड्या वेळाने माझ्या फोनची हिस्टरी उघडली तर ट्रॅक्टरचे टायर तिथे हजर. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "पण तिने स्वतः फोनवरूनच शोधलं नसेल कशावरून?" प्रश्न रास्त होता. हिस्टरीत नुसती वेळ दिसते, बोट कुणाचं ते दिसत नाही.

मी म्हटलं, "तीन तारखेला कोणता दिवस होता?" गुरुपौर्णिमा. त्याने आठवलं. त्या सकाळी तोच तिला स्कूटरवर मावशीच्या गावी घेऊन गेला होता. साडेदहाला निघाले, पावसाने अर्ध्या वाटेत गाठलं, तर दोन्ही फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून डिकीत टाकले. मावशीकडे पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. हे त्याचं त्यानेच सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज उतरला.

तरी त्याने विचारलंच, "मग होतं कोण?"

"ते मी सांगणार नाही," मी म्हटलं. "उद्या कुणी येऊन तुझ्या बहिणीचं नाव विचारलं, तर त्यालाही सांगणार नाही." वहीचं पान मी त्याला दाखवलं, पण मशीन तीनच्या ओळींवर कागद धरून. ३ जुलैच्या पानावरच्या बाकी ओळींत त्याच्या बहिणीचं नाव कुठेच नाही, एवढं त्याने स्वतः बघितलं.

मग फोन मुलीच्या हातात आला आणि आम्ही दोघींनी साफसफाई केली. आधी फोनवरून खात्याचा पासवर्ड बदलला आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावली. खात्याच्या 'सुरक्षा' भागात जाऊन डिव्हाइसच्या यादीतून विंडोज काढून टाकलं. ज्यांना घरी बसून हे करायचंय, त्यांना जाता जाता सांगते : जीमेल कॉम्प्युटरवर उघडलं की अगदी तळाला उजवीकडे 'तपशील' अशी बारीक अक्षरं असतात, तिथून बाकी सगळीकडची जीमेल सत्रं एका झटक्यात बंद करता येतात. मशीन कॅफेत राहिली तरी बिल्ला घरून बाद होतो.

पण त्याने तीन नंबरवर आधीच उतरलेले पासवर्ड पुसले जात नाहीत. ते खात्याशी बांधलेले नव्हते, मशीनच्या पोटात होते. त्यासाठी तीन नंबरवरचं अख्खं प्रोफाइल काढून टाकलं. तिचे १९ पासवर्ड तिने दोन दिवस बसून एकेक करून बदलले.

राहिले ते अकरा. तिच्या फोनमध्ये साइटचं नाव आणि वापरणाऱ्याचं नाव दिसत होतं, पासवर्ड बघायला मात्र फोनचं कुलूप उघडावं लागत होतं. ते उघडायचं नाही, असं आम्ही ठरवलं. नावं कागदावर उतरवली. बहुतेक मोबाइल नंबर किंवा मेलचे पत्ते होते. भरतीच्या साइट, एक शिष्यवृत्तीचं पोर्टल, एक रेल्वे तिकिटाचं खातं. नंबर वहीतल्या मुलांशी जुळले. मी सातही जणांना फोन करून सांगितलं की तुमचा पासवर्ड वाचनालयाच्या मशीनवर जतन झाला होता, आजच बदला. तिच्याकडे गेला होता हे सांगितलं नाही. सगळ्यांनी बदलल्याचं कळवल्यावर तिने ते अकरा फोनमधून काढले.

मशीनचं काय केलं

समितीत तीन गोष्टी पुढे आल्या. पहिली, भिंतीवर पाटी : 'काम झाल्यावर लॉगआउट करा'. पाटी पूर्वीही होती. तिच्यावर कॅलेंडर टांगलेलं होतं. दुसरी, मशीन बंद करून चालू केली की मूळ स्थितीला नेणारं सॉफ्टवेअर. उत्तम उपाय, पण दर मशीनमागे पैसे आणि आमचा वर्षाचा खर्च वर्तमानपत्रांच्या बिलातच जातो. तिसरी मी सुचवली आणि तीच झाली.

डेस्कटॉपवरचं क्रोमचं चिन्ह थेट गेस्ट मोडमध्ये उघडेल असं केलं. गेस्ट आणि इन्कॉग्निटो (हिस्टरी न ठेवणारी खाजगी खिडकी) यांत मुलं गल्लत करतात. इन्कॉग्निटो हा त्याच घरातला पडदा. प्रोफाइल तेच, आणि एक इन्कॉग्निटो खिडकी जरी खाली पट्टीत दडवून ठेवलेली राहिली तरी तिच्यातलं लॉगिन जिवंत राहतं, कारण अशा सगळ्या खिडक्यांचं सत्र एकच असतं. गेस्ट म्हणजे वेगळी खोली. आधीच्या कुणाचं काही दिसत नाही आणि सगळ्या खिडक्या बंद झाल्या की खोली रिकामी. जोडीला धोरणांच्या सेटिंगमधून ब्राउझरचं साइन-इन, सिंक आणि पासवर्ड जतन करणं तिन्ही बंद केलं. निळं बटण आता येतच नाही. माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत कामाचं पाऊल हे. घाईतल्या मुलाला 'नाही' म्हणायला शिकवण्यापेक्षा त्याला तो प्रश्नच विचारला जाऊ नये.

गेस्ट मोडने फायली मात्र पुसत नाहीत. डाउनलोडचं फोल्डर उघडलं तेव्हा मी अक्षरशः डोक्याला हात लावला. सहा मशीनवर मिळून शेकड्याने पीडीएफ. जातीचे दाखले, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, आणि ई-आधार. ई-आधारला पासवर्ड असतो म्हणून मुलं निर्धास्त असतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, आणि दोन्ही गोष्टी शेजारच्याच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर छापलेल्या. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एक पत्रक काढलं होतं. सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर प्रती कायमच्या पुसा, असं त्यात होतं. त्यातल्या झेरॉक्सविषयीच्या सूचनेवरून गोंधळ उडाला आणि दोन दिवसांत पत्रक मागे घेतलं गेलं. कॉम्प्युटरबद्दलचा सल्ला त्या गदारोळात वाहून गेला, पण होता तो बरोबर. आता मशीन चालू होताना डाउनलोड, डेस्कटॉप, स्कॅनरचं फोल्डर आणि कचरापेटी आपोआप रिकामी होते.

एक आणि पाच नंबरवर व्हॉट्सॲप वेब उघडं सापडलं. पीडीएफ फोनवरून कॉम्प्युटरवर आणायला मुलं हाच रस्ता घेतात, आणि २०२१ पासून फोन बंद असला तरी ते चालू राहतं. फोन सलग चौदा दिवस वापरला नाही तर जोडणी तुटते, पण चौदा दिवस फोन न वापरणारा विद्यार्थी मला अजून भेटायचाय. दोघांना बोलावून फोनमधल्या 'लिंक केलेली डिव्हाइस' मधून बाद करायला लावलं.

परिणाम

मुलगी २० जुलैपासून पुन्हा येऊ लागली. पहिले काही दिवस भाऊ सोडायला यायचा. फोनचा पॅटर्न तिने बदलला. त्यावर घरात पुन्हा काही झालं का, ते मी विचारलं नाही.

गेस्ट मोडवर मुलं आठवडाभर चिडली होती. वीज गेली की अर्धा भरलेला अर्ज गेला, कारण काहीच जतन नाही. त्यांचं खरं होतं. सहा मशीनना मिळून एक जुना इन्व्हर्टर मिळाला तेव्हा कुरकुर कमी झाली. पाटीसुद्धा बदलली. आता प्रत्येक पडद्याच्या खालच्या कडेला एक पट्टी चिकटवली आहे : 'आधी लॉगआउट. मग सगळ्या खिडक्या बंद. मग पेनड्राइव्ह. मग वही.' पेनड्राइव्ह तरीही दर आठवड्याला एकतरी राहतोच.

कुठे चुकलं, काय वेगळं करता आलं असतं

सिंक थांबल्याची खूण दिसल्या दिसल्या मी तीन नंबरची माहिती फोटो काढून ठेवायला हवी होती. घाईत प्रोफाइल काढलं आणि पुरावा संपला. उद्या यातून खरंच पैशांची फसवणूक निघाली असती, तर पोलिसांना दाखवायला माझ्याकडे हाताने लिहिलेला एक कागद होता. ज्यांना असा प्रसंग येईल त्यांनी क्रम लक्षात ठेवावा : आधी फोनवरून सत्र बाद करा, मग पडद्यांचे फोटो घ्या, मग पुसा.

'मागे जिथे थांबलात तिथून' ही सेटिंग माझी. मुलांची सोय बघितली, पण मशीन सगळ्यांची आहे हे विसरले. घरच्या कॉम्प्युटरवर जी सोय असते ती इथे भोक असते, हे मी वर्गात शिकवते आणि तरीही लावली.

भावासमोरचं प्रात्यक्षिक उपयोगी पडलं, पण ते आईसमोरही करायला हवं होतं. आईला अजून वाटतं की 'मॅडमनी मिटवलं'. मिटवलं आणि मुळात काही नव्हतंच, यात फार अंतर आहे, आणि ते अंतर त्या मुलीला कधीतरी भोवेल अशी मला धास्ती आहे.

आणि एक प्रश्न माझ्याकडून सुटलेला नाही. वहीतल्या त्या नावाला मी काही सांगितलं नाही. तुझे शोध दुसऱ्याच्या फोनवर गेले होते, जपून राहा, असं सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर मला माहीत आहे हे त्याला कळलं असतं, आणि मग त्याने वाचनालयात येणं सोडलं असतं. नाही सांगितलं, तर तो सावध झाला नाही. मी सहाही मशीनपुढे सगळ्यांना एकत्र बसवून तासभर समजावलं, ट्रॅक्टरच्या टायरचा प्रयोग पुन्हा केला. तो किंवा ती त्या तासाला हजर होती.

वही आम्ही वर्षभर कपाटात ठेवली, किल्ली माझ्याकडे. समितीने नंतर ठराव केला की वर्ष झालेली पानं नष्ट करायची. ऑगस्ट २०२४ मध्ये ती मी घरी आणली आणि सकाळी पाणी तापवताना बंबात घातली.